अँबरमधल्या भुंगेऱ्याचा नवीन जीनस कसा लिहायचा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

दर महिना-दोन महिन्यांनी मला कुणीतरी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतं. मधाच्या रंगाचा अँबरचा खडा (म्हणजे कोट्यवधी वर्षांत दगडासारखी झालेली झाडाची राळ), आत काळा ठिपका, खाली मेसेज: "ताई, हा नवीन जीनस आहे का?" आता ठिपक्यावरून मी काय कप्पाळ सांगणार! पण विचारणारी मुलं हुशार असतात, झूलॉजी किंवा जिऑलॉजीत एमएस्सी करत असतात, फक्त हे काम कुठून सुरू होतं आणि कुठे येऊन अडतं ते त्यांना कुणी बसून सांगितलेलं नसतं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

आधी शब्दांचं मिटवून टाकू. शाळेच्या पुस्तकात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज, पण पेपरात "बेडकाची नवी प्रजाती सापडली" असं छापून येतं तेव्हा ती असते स्पीशीज. हा गोंधळ इथे परवडणार नाही, त्यामुळे मी सरळ जीनस आणि स्पीशीज असंच म्हणणार. आणि भुंगेरा म्हणजे कोलिऑप्टेरा, ज्याच्या पुढच्या पंखांचं कडक कवच झालंय तो. भुंगा नाही, काळा भुंगा ही मधमाशीच्या नात्यातली वेगळीच मंडळी. काजवा मात्र भुंगेराच, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

उदाहरणासाठी एकच किडा धरून चालते, आपल्या शेजारच्या गुजरातचा. सुरत जिल्ह्यात वस्तान आणि तडकेश्वर इथे लिग्नाइटच्या खाणी आहेत, त्या कोळशात अँबरचे तुकडे मिळतात, त्याला खंबातचा म्हणजे कॅम्बे अँबर म्हणतात, वय साधारण ५ कोटी वर्षं, इओसीनची सुरुवात. २०१० साली त्यावरचा मोठा पेपर आला तेव्हा त्यात ७०० हून जास्त किडे-कोळी मोजलेले होते. त्याच अँबरमधून २०१४ साली जोसेफ पार्कर आणि डेव्हिड ग्रिमाल्डी या दोघांनी प्रोटोक्लॅव्हिगर ट्रायकोडेन्स हा जीनस आणि स्पीशीज लिहिली. मुंग्यांच्या वारुळात फुकट खाऊन राहणाऱ्या भुंगेऱ्यांचा एक गट आहे, क्लॅव्हिजेरिटी नावाचा, त्यातला हा जुना नातेवाईक. तो नवीन कशावरून ठरला ते पुढे येईलच.

१. खडा आला कुठून

हे मी मुद्दाम पहिलं घेतेय, कारण लोक हे शेवटी विचारतात आणि तिथेच सगळं फसतं. खडा कुठल्या खाणीतला, कुठल्या थरातला, कधी निघाला, तुमच्यापर्यंत कुणाच्या हातून आला, आणि याचं काही कागदपत्र आहे का. नुसतं "दुकानदार बर्माचा म्हणाला" याला काही अर्थ नाही.

जगात सगळ्यात जास्त जुने भुंगेरे सध्या म्यानमारच्या काचिन राज्यातल्या हुकाँग खोऱ्यातल्या अँबरमधून लिहिले जातात. वय सुमारे ९.९ कोटी वर्षं, म्हणजे डायनोसॉरचा काळ. अँबरचं स्वतःचं वय असं थेट काढता येत नाही, ते ज्या खडकात अडकलेलं होतं त्यातल्या ज्वालामुखीच्या राखेतले झिरकॉन या खनिजाचे कण मोजले, आकडा आला ९८.७९ दशलक्ष वर्षं, अधिक-उणे ०.६२. माल उत्तम, पण त्याच्यामागची गोष्ट वाईट आहे. तिथे वर्षानुवर्षं काचिनी बंडखोर आणि लष्कर यांचं भांडण, २०१७ मध्ये लष्कराने खाणींचा भाग ताब्यात घेतला, लोक हुसकले गेले. तिथल्या कायद्यात अँबर रत्न म्हणून बाहेर नेता येतं पण जीवाश्म बाहेर न्यायला बंदी, आणि आत किडा असलेला खडा नेमका या दोन्हीच्या मधे येऊन बसतो. बराच माल चीनच्या युन्नानमधल्या तेंगचोंगच्या बाजारात जातो. २०२० साली सोसायटी ऑफ व्हर्टिब्रेट पॅलिऑन्टॉलॉजीने जर्नलांना पत्र लिहिलं की २०१७ नंतरचं काचिन अँबर घेऊ नका. ते पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवाले, किड्यांवाल्यांत सगळ्यांना हे पटलं असं नाही, स्थानिक संशोधकांचं मत बाजूला ठेवून बाहेरच्यांनी नियम करायचे का असा उलटा प्रश्नही विचारला गेला. माझं विचाराल तर मी २०१७ नंतरचा खडा हातात घेत नाही, जुन्या म्युझियम कलेक्शनमध्ये अजून न उघडलेले डबे पडलेत, ते आधी संपवू. तुमचं वेगळं मत असेल तर असू द्या, पण जर्नलचा नियम आधी वाचा, सहा महिने काम करून मग वाचू नका.

बाल्टिक अँबर (इओसीन) आणि डोमिनिकन अँबर (मायोसीन, साधारण १.५ ते २ कोटी वर्षं) यांत ही भानगड कमी. गुजरातच्या खाणीत शिरायचं तर खाणवाल्यांची परवानगी लेखी घ्या आणि लखनौच्या बिरबल साहनी इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेतल्या कुणाला तरी सोबत धरा. एकट्याने पिशवी घेऊन जाऊ नका, लिग्नाइटची खाण ही ट्रेकिंगची जागा नाही.

२. खरं आहे का ते बघा

खोटं अँबर फार आहे. मिठाचं पाणी करा, मीठ विरघळायचं थांबेपर्यंत, अँबर तरंगतं, काच आणि बॅकेलाइट बुडतं. पण कोपल, म्हणजे अजून पुरती जुनी न झालेली राळ, तीही तरंगते आणि काही प्लॅस्टिकसुद्धा, त्यामुळे तरंगलं म्हणजे पास असं नाही. यूव्ही टॉर्चखाली बहुतेक अँबर निळसर चमकतं. ॲसिटोनचा थेंब टाकला तर कोपल चिकट होतं, अँबर सहसा होत नाही. इथे एक गंमत बघा, आपलं गुजरातचं अँबर डिप्टेरोकार्प झाडांच्या राळेचं, आपल्याकडे सह्याद्रीत धुपाचं झाड असतं त्याच कुळातल्या झाडांचं, आणि ते सॉल्व्हंटमध्ये चक्क विरघळतं. संशोधकांनी तसं विरघळवून आतले किडे अख्खे बाहेर काढलेत. म्हणजे त्यावर सॉल्व्हंटची टेस्ट केलीत तर उत्तर चुकीचं येऊ शकतं आणि वर खडाही खराब. गरम सुईची टेस्ट तर ज्या खड्यात तुमचा किडा आहे त्यावर अजिबात करायची नाही, त्याच लॉटमधला रिकामा तुकडा घ्या. परवडत असेल तर एफटीआयआर (इन्फ्रारेड किरणांनी पदार्थ ओळखायची तपासणी) करून घ्या, केमिस्ट्री डिपार्टमेंटमध्ये असतं, चहावर काम होतं.

हे सगळं कशाला, तर फसण्याची परंपरा मोठी आहे म्हणून. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये बाल्टिक अँबरमधली एक माशी होती, १९६६ मध्ये विली हेनिग यांच्यासारख्या दादा माणसाने ती अभ्यासली, आजच्या संडासमाशीसारखी हुबेहूब, केवढं आश्चर्य म्हणून. १९९३ मध्ये अँड्र्यू रॉस मायक्रोस्कोपखाली बघत होते, दिव्याच्या उष्णतेने खड्याला चीर गेली आणि कळलं की कुणीतरी अँबर अर्धं कापून, पोकळी करून, त्यात साधी आजची माशी बसवून परत चिकटवलं होतं. किडा फारच आजच्यासारखा दिसला की आधी चिकटवल्याची रेघ शोधा.

३. घासणे, आणि कुठे थांबायचं

किडा सगळ्या बाजूंनी दिसायला हवा, किमान वरून आणि खालून. भुंगेऱ्याचं निम्मं वर्गीकरण पोटाकडून होतं आणि नवीन माणूस फक्त पाठीचे फोटो काढून आणतो. त्यासाठी खड्याला किड्याला समांतर सपाट खिडक्या पाडायच्या. बारीक डायमंड डिस्कने जादाचा भाग कापा, मग हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो वॉटर पेपर, ६०० नंबरपासून सुरू करून १०००, २०००, ३०००, कायम पाण्यात ओला ठेवून, आणि शेवटी पॉलिश पावडर लावून मऊ कापडावर. प्रत्येक नंबर बदलताना खडा धुवा, नाहीतर आधीच्या कागदाचा एक कण सगळी मेहनत ओरखडून टाकतो. मधे मधे मायक्रोस्कोपखाली बघत राहा, दर अर्ध्या मिनिटाने म्हटलं तरी चालेल.

माझ्याकडून पहिल्याच वर्षी एका भुंगेऱ्याच्या डाव्या मिशीचे शेवटचे दोन सांधे घासले गेले. "अजून थोडं पारदर्शक करू" या हावरटपणापायी. उजवी मिशी शाबूत होती म्हणून वाचले, पण तेव्हापासून नियम केलाय, किडा आणि खिडकी यांच्यात निदान अर्धा मिलिमीटर राहिला की हात बाजूला. आणि घासायच्या आधी आहे त्या अवस्थेतला फोटो काढायचाच, काही गेलं तर निदान काय होतं ते तरी कळतं.

खडा भेगाळलेला असेल तर आधी इपॉक्सीत बसवून घ्या, व्हॅक्यूममध्ये, म्हणजे भेगांत इपॉक्सी शिरतं. अल्कोहोलने पुसू नका, अल्ट्रासोनिक क्लीनरमध्ये तर टाकूच नका.

४. फोटो

घासूनही बारीक ओरखडे राहतातच, त्यावर ग्लिसरीनचा थेंब टाकून कव्हरस्लिप ठेवली की ओरखडे गायब झाल्यासारखे होतात, ही एकच युक्ती शिकलात तरी निम्मं काम झालं. मग फोकस स्टॅकिंग. एका फोटोत सगळं फोकसमध्ये येत नाही म्हणून वरपासून खालपर्यंत पन्नास-साठ फोटो घ्यायचे आणि हेलिकॉन फोकस किंवा झिरीन स्टॅकरमध्ये एकत्र करायचे. प्रत्येक फोटोत स्केल बार पाहिजेच. कन्फोकल मायक्रोस्कोप मिळाला तर सोन्याहून पिवळं, कवच स्वतःच चमकतं आणि शिवणी-शिवणी दिसतात. मायक्रो-सीटी, म्हणजे बारीक वस्तूंचं एक्स-रे सीटी स्कॅन, मटेरियल सायन्सवाल्यांकडे असतं, विचारायला लाजू नका, पण आधीच सांगते, काही खड्यांत आतला किडा इतका पोकळ आणि अँबरच्याच घनतेचा झालेला असतो की स्कॅनमध्ये धुकं दिसतं बाकी काही नाही. बाल्टिकमध्ये तर किड्यावर साय धरल्यासारखा पांढरा थर असतो, तो नेमका पोटाकडच्या बाजूला असला की रडू येतं, तिथे सीटीच उपयोगी.

फोटोसोबत चित्रही काढा, हाताने. चित्र काढताना प्रत्येक रेघ खरी आहे का हे ठरवावं लागतं, कॅमेरा ते ठरवत नाही.

५. आधी जिवंत भुंगेरे मोजायला शिका

इथे मला थोडं जास्त बोलायचंय कारण सगळ्यात जास्त चुका इथेच बघितल्यात. लोक सरळ ९.९ कोटी वर्षांपूर्वीच्या भुंगेऱ्यावर उडी मारतात आणि घरातल्या तांदळातला किडा कुठल्या कुळातला ते सांगता येत नाही.

सुरुवात स्वयंपाकघरातून करा. पिठात होतात ते तांबडे किडे पकडा, दहावी-बारावीच्या लॅबमधल्या साध्या मायक्रोस्कोपखाली पायाच्या टोकाकडचे सांधे मोजा. पुढच्या पायाला पाच, मधल्याला पाच, मागच्याला चार. ५-५-४. हा टेनेब्रिओनॉइडिया या मोठ्या घराण्याचा शिक्का. आता तांदळातले सोंडे घ्या, त्यांना सगळीकडे चारच दिसतील, पण नीट बघा, तिसऱ्या सांध्याच्या दोन पाळ्यांमध्ये एक चिमुकला सांधा लपलेला असतो, म्हणजे खरे पाच. अँबरमध्ये हा लपलेला सांधा दिसला नाही म्हणून "चार आहेत, नवीन आहे" असं लिहिणारे मी पाहिलेत. मग जूनमध्ये पहिला पाऊस पडला की संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर हुमणीचे भुंगेरे ढिगाने येतात, शेतकरी तसेही ते गोळा करून रॉकेलच्या पाण्यात मारतात, दहा मागून आणा. त्यांचे ५-५-५, आणि मिशीचं टोक पंख्यासारखं उघडणारं. दिव्याखाली पळणारे काळे भुंगेरे उलटे करून मागच्या पायाचं मूळ बघा, ज्याला कॉक्सा म्हणतात, ते पोटाच्या पहिल्या पट्टीला मधोमध कापून जातं, म्हणजे ॲडेफॅगा. हुमणीचं तसं नाही, ती पॉलिफॅगा. हे भुंगेऱ्यांचे दोन मोठे गट. असे पाच-सहा प्रकार हाताने उलटेपालटे केले की अँबरमध्ये अर्धवट, तिरका, एक पाय पोटाखाली दुमडलेला भुंगेरा दिसला तरी डोळा आपोआप बरोबर जागी जातो.

लिहून ठेवायची यादी मोठी आहे, मिशीचे सांधे किती (बहुतेकांत अकरा) आणि शेवटच्या किती सांध्यांची गदा झालीय, प्रोनोटमच्या (डोक्यामागच्या पाठीवरच्या ढालीच्या) कडेला धार आहे का, पुढच्या कॉक्साची खोबण मागून बंद की उघडी, पंखकवच पोट पूर्ण झाकतं की अर्धंच, पोटाच्या पट्ट्या किती आणि त्यातल्या किती एकमेकींना जोडून घट्ट झाल्यात, पायाचे सांधे, नखांना दात आहे का. दिसलं नाही तर "दिसत नाही" असं लिहा. "नाही" आणि "दिसत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि यात जो गल्लत करतो त्याचा पेपर रिव्ह्यूअर, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणारा, फाडतो, बरोबरच करतो.

६. नवीन कशावरून

भुंगेऱ्यांच्या आजवर लिहिलेल्या स्पीशीज चार लाखांच्या घरात. तेव्हा "मला कुठे सापडला नाही" हा पुरावा नाही. कुळ ठरलं की त्या कुळातले सगळे जीनस, आजचे आणि जीवाश्म दोन्ही, एका एक्सेलमध्ये उभे करा, आडवे गुण लिहा, आणि प्रत्येक रांगेत तुमचा किडा कुठे वेगळा पडतो ते भरा. कंटाळवाणं काम आहे, दोन-तीन महिने जातात, जुने पेपर जर्मन आणि फ्रेंचमध्ये असतात, पण पेपरचा जीव या तक्त्यात असतो.

प्रोटोक्लॅव्हिगर घ्या. त्याच्या गटातल्या आजच्या भुंगेऱ्यांच्या पोटाच्या वरच्या तीन पट्ट्या जुळून एकच अखंड ढाल झालेली असते, आणि पोटाच्या बुडाशी केसांचे झुबके असतात ज्यांतला स्राव मुंग्या चाटतात आणि खूष होऊन त्याला भरवतात. गुजरातच्या किड्यात केसांचे झुबके होते, म्हणजे मुंग्यांना पटवायचा धंदा सुरू झालेला होता, पण पोटाच्या पट्ट्या अजून सुट्या होत्या. आजच्या गटाच्या खुणा आहेत पण पुऱ्या झालेल्या नाहीत, म्हणून तो आजच्या कुठल्याच जीनसमध्ये बसत नाही, आणि तरी गट कुठला याबद्दल शंका नाही. मुंग्यांचा आजच्यासारखा सुळसुळाट तेव्हा कुठे सुरू होत होता, म्हणून या एवढ्याशा किड्याचं एवढं महत्त्व. जीनस असा हवा, वेगळेपण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. माझा अनुभव असा की ज्याचं वेगळेपण सांगायला पानभर लागतं तो बहुतेक वेळा जुन्या जीनसची नवी स्पीशीज निघतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

काही सापळे सांगून ठेवते. किडा राळेत दाबला जातो, प्रोनोटम चपटं दिसतं, मिश्या लांबट होतात, तर आकारावर जीनस बांधू नका, एक बाजू दुसऱ्या बाजूशी ताडून बघा. रंगावर तर नकोच. काचिन अँबरमध्ये चकाकता निळा-हिरवा खरा रंग टिकलेले किडे आहेत, पण किड्यापर्यंत कापलं गेलं की तोच रंग काळपट होतो, मग तुमचा काळा भुंगेरा मुळात काळा होता कशावरून? बुडबुडा मिशीला चिकटला की गदा वाटते. आणि नर-मादी. भुंगेऱ्यांत नराच्या मिश्या, जबडा, डोळे कितीतरी वेगळे असू शकतात, काजव्यांच्या नात्यात तर मादी कधी कधी अळीसारखीच राहते, म्हणजे नराचा एक जीनस आणि मादीचा दुसरा असं होऊ शकतं. एकच नमुना असेल तर हे स्पष्ट लिहा.

फायलोजेनी, म्हणजे कोण कुणाच्या किती जवळचा हे दाखवणारं नात्यांचं झाड, करा की नको यावर वाद होतात. मला वाटतं गुण पुरेसे दिसत असतील तर करा, टीएनटी हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, डीएनएवरून झालेल्या झाडाचा सांगाडा पक्का धरून तुमचा किडा त्यावर कुठे बसतो ते बघा. दिसत नसलेल्या गुणांच्या जागी प्रश्नचिन्ह. पण पन्नासपैकी पस्तीस प्रश्नचिन्हं असतील तर झाड काढून उगाच शास्त्रीय दिसायचा प्रयत्न करू नका.

७. नाव

मजेचा भाग, आणि लोक याच्यापासूनच सुरुवात करतात! जीनसचं नाव संपूर्ण प्राणिसृष्टीत एकदाच वापरता येतं. याचं सगळ्यात भारी उदाहरण भुंगेऱ्यांचंच आहे. १७९९ मध्ये जॉर्ज शॉ यांनी ऑस्ट्रेलियातल्या त्या बदकचोच्या प्राण्याला प्लॅटिपस हे जीनसनाव दिलं, पण १७९३ मध्येच हर्ब्स्ट यांनी लाकूड पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याला प्लॅटिपस म्हणून टाकलं होतं. भुंगेरा जिंकला, आणि त्या प्राण्याला ऑर्निथोऱ्हिंकस हे नाव घ्यावं लागलं. तेव्हा नाव सुचलं की झूबँक (प्राण्यांच्या नावांची ऑनलाइन नोंदवही), नोमेनक्लेटर झूलॉजिकस (जीनसनावांची मोठी यादी), जुन्या याद्या, सगळीकडे शोधा. वनस्पतींच्या नावांचा कोड, म्हणजे नियमसंच, वेगळा, तिथे असेल तर चालतं, फायकस म्हणजे वड-उंबराचाही जीनस आणि एका समुद्री गोगलगायीचाही.

नाव लॅटिन वळणाचं एकवचनी नाम हवं किंवा तसं मानलेलं, आणि त्याचं लिंग तुम्ही पेपरात लिहून टाका, कारण स्पीशीजचं नाव विशेषण असेल तर ते लिंगाप्रमाणे बदलतं. २०२१ मध्ये काचिन अँबरमधून क्रेटोफेन्गोडेस अझ्युरियस नावाचा काजव्यांच्या नात्यातला भुंगेरा लिहिला गेला, जीनस पुल्लिंगी म्हणून अझ्युरियस, स्त्रीलिंगी असता तर अझ्युरिया. स्वतःचं नाव देऊ नका, नियमात बंदी नाही पण लोक हसतात. मराठी शब्दावरून नाव द्यायला काहीच हरकत नाही, फक्त गुजरातच्या खाणीतल्या किड्याला सह्याद्रीचं नाव कशाला? आणि क्रेटो-, बर्मो- या सुरुवातीच्या नावांचा आता इतका ढीग झालाय की वाचताना झोप येते.

८. कोड काय मागतो

प्राण्यांच्या नावांचा आंतरराष्ट्रीय कोड, चौथी आवृत्ती, १ जानेवारी २००० पासून लागू. यातलं एक जरी चुकलं तर नाव उपलब्धच धरत नाहीत, मग कितीही भारी जर्नल असो. जीनससाठी टाइप स्पीशीज, म्हणजे जिच्यावर जीनसचं नाव टांगलेलं असतं ती, त्याच पेपरात ठरवून सांगायची, "यातली एक" असं मोघम नाही. वेगळेपण शब्दांत हवं, नुसता फोटो चालत नाही. नवीन आहे हे स्पष्ट लिहायचं, जेन. नोव्ह. आणि स्प. नोव्ह. असं. स्पीशीजसाठी होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्यावर नाव टांगलंय तो, तो स्पष्ट सांगायचा, आणि तो कुठल्या संस्थेत, कुठल्या शहरात ठेवला किंवा ठेवणार तेही. जर्नल फक्त ऑनलाइन असेल तर २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे पेपर छापायच्या आधी झूबँकमध्ये नोंद, आणि त्या नोंदीचा पुरावा पेपरातच दिसला पाहिजे.

खासगी कपाटात होलोटाइप ठेवायला कोड सक्त मनाई करत नाही, पण मी करते. वीस वर्षांनी मालकाची मुलं तो खडा अंगठीत बसवतील.

९. लिहिणे

डायग्नोसिस आणि डिस्क्रिप्शन वेगवेगळं लिहा. डायग्नोसिस म्हणजे फक्त वेगळं पाडणारे गुण, पाच-सहा ओळी, कुणापासून वेगळं त्या जीनसचं नाव घेऊन. डिस्क्रिप्शन म्हणजे डोक्यापासून नखापर्यंत सगळं. भाषा तारेसारखी तुटक असते: "शरीर लांबट, बाजू समांतर, लांबी १.४ मिमी. मिशा अकरा सांध्यांच्या, ९ ते ११ सांध्यांची सैल गदा. प्रोनोटम लांबीच्या १.२ पट रुंद, कडा पूर्ण. पायाचे सांधे ५-५-४." (हा किडा मी आत्ता बसल्या बसल्या बनवलाय, शोधत बसू नका.) "सुंदर", "मोठा", "वैशिष्ट्यपूर्ण" असे शब्द आले की खोडा आणि जागी आकडा लिहा. मग थर आणि वय, ठिकाण, नावाचा अर्थ, आणि शेवटी चर्चा, ज्यात तुमच्या मताविरुद्ध जाणारे गुण तुम्हीच आधी सांगायचे. हे धाडस नवीन माणसाला होत नाही, पण रिव्ह्यूअरने ते शोधून काढण्यापेक्षा तुम्ही मांडलेलं बरं.

आधी कच्चा मसुदा त्या कुळावर काम करणाऱ्या एखाद्याला ईमेल करा. अनोळखी असले तरी हे लोक बहुतेक उत्तर देतात, चांगले फोटो बघून तर नक्कीच, कधी कधी म्हणतात "अरे हा तर अमुक", आणि तुमचं एक वर्ष वाचतं.

जर्नलचं म्हणाल तर झूटॅक्सा, झूकीज, पॅलिओएन्टॉमॉलॉजी, क्रेटेशस रिसर्च ही नेहमीची. झूटॅक्सामध्ये ओपन ॲक्सेस नको असेल तर पैसे लागत नाहीत, विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावं. "तीन दिवसांत छापू, इतके रुपये पाठवा" असे ईमेल येतील, ते सरळ डिलीट.

१०. छापून आल्यावर

चूक कळली तर ती दुरुस्त करणारा पेपरही लिहायचा असतो, पण नाव परत घेता येत नाही हे ध्यानात असू द्या. मार्च २०२० मध्ये काचिन अँबरमधलं एक चिमुकलं डोकं ऑक्युलुडेंटाव्हिस या नावाने पक्ष्यासारखा डायनोसॉर म्हणून मोठ्या थाटात नेचरमध्ये आलं, मग दुसरा नमुना बघून कळलं की ही पाल-सरड्यांच्या गटातली भानगड आहे, जुलैमध्ये पेपर मागे घेतला. पण नाव जिवंतच राहिलं, २०२१ मध्ये त्याच जीनसमध्ये दुसरी स्पीशीज आली, सरडा म्हणून. म्हणजे "पक्षी" असा अर्थ असलेलं नाव एका सरड्याला कायमचं चिकटलंय. नाव देताना अर्थ जरा सैल ठेवावा तो यासाठी.

बाकी कारकुनी आहे पण करा. सीटीचा डेटा मॉर्फोसोर्सवर, फोटोंचे मूळ स्टॅक झेनोडोवर टाका, दोन्ही संशोधनाचा डेटा जपून ठेवायच्या वेबसाइट. खडा संस्थेत देताना लाल होलोटाइप लेबल, नंबर, नाव, ठिकाण हे डबीच्या आत ठेवा, झाकणावर नाही, झाकणं बदलली जातात. अँबर हवा आणि उजेडाने हळूहळू लालसर होतं, भेगाळतं, म्हणून अंधारा, थंड, कोरडा-ओला न होणारा कोपरा मागून घ्या. खिडकीतल्या डिस्प्लेत ठेवायला कुणी मागितलं तर थ्रीडी प्रिंट करून द्या. आणि झूबँकवर परत जाऊन पेपरची खरी तारीख आणि पान नंबर भरा, नोंद करताना ती जागा रिकामी ठेवलेली असते आणि नंतर आनंदाच्या भरात विसरायला होतं. माझी एक नोंद तशीच तीन वर्षं पडून होती.